बळवंतराव चहा मागायला येतील

२ सप्टेंबर
पूर ओसरला. चिखल निघाला. अपमान निघत नाही.
विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं, हा निसर्ग. पण शेजारच्या बळवंतरावांचा मुलगा शुभंकर मला पाठुंगळीवर घेऊन पाण्यातून नेत असताना बळवंतरावांनी वरच्या खिडकीतून व्हिडिओ काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, हा निसर्ग नव्हे. खाली लिहिलं, 'वक्त्यांची पालखी'. ज्या आवाजाने बडोद्यातली सभागृहं हलली, तो आवाज व्हिडिओत एवढंच म्हणतो : सावकाश रे बाळा, चप्पल सुटतेय.
व्हिडिओ पुण्यापर्यंत पोचला. तिथल्या मेहुण्याने हसरा चेहरा पाठवला. एक नाही, सहा.
सूड घेईन.

३ सप्टेंबर, पहाटे
योजना तयार. बळवंतरावांचं घर दुमजली, पण स्वयंपाकघर खाली. पुरात त्यांचा गॅस बुडाला होता. पाठीवरून उतरवल्यावर मला साधा चहा मिळाला नाही. तिथेच सुचलं. पुढच्या पुरात माझं टेनामेंट, म्हणजे हे बैठं घर, कोरडं हवं. माझा गॅस पेटलेला असेल आणि बळवंतराव माझ्या दारात चहा मागायला येतील. तेव्हा करायचं भाषण आजच लिहायला घेतलं. सुरुवात : 'या बळवंतराव, बसा. चहा घ्या. पण आधी तो व्हिडिओ काढून टाका आणि माफी मागा.' साधी, पण भेदक.
केवळ पुराची तयारी नाही. थंडी, ऊन, वारा, पाणी. चारही आघाड्यांवर वर्षभर सज्ज राहायचं.

१५ जानेवारी
वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. कडाक्याची थंडी. खिडक्यांच्या सगळ्या फटी वर्तमानपत्रांनी बुजवल्या. सगळी सोसायटी बळवंतरावांच्या गच्चीवर पतंग उडवते आहे. मी बहिष्कार टाकला. बायको, मंदाकिनी, गेली. फटी बुजवल्याने घर उबदार झालं, पण खोकलाही झाला. आवाज बसला. भाषणाचा सराव बंद.
संध्याकाळी संयोगितावहिनींनी, म्हणजे सौ. बळवंतराव, डबाभर उंधियू पाठवलं. शत्रूची रसद ताब्यात घेतली. दोनदा घेतली.

२० एप्रिल
उन्हाची आघाडी. गच्चीला पांढरा चुना दिला. घर गार होईल हा एक फायदा. दुसरा फायदा मंदाकिनीला सांगितला नाही : चुन्यावरचं ऊन सरळ बळवंतरावांच्या बेडरूममध्ये जातं. दुपारी त्यांना डोळ्यांवर उशी घेऊन झोपलेलं स्वतः पाहिलं. फार दिवसांनी मला शांत झोप लागली.

२३ एप्रिल
बळवंतरावांनी खिडकीबाहेर हिरवी जाळी ताणली. तिची सावली माझ्या निम्म्या गच्चीवर पडते. घर आणखी गार झालं. हा हेतुपुरस्सर अपमान आहे.

१४ मे
वाऱ्याची आघाडी. वाघोडियाकडे आमचं दोन बिघे शेत आहे, लगतचं बळवंतरावांचं. एकाच दिवशी घेतलेली. तेव्हा आम्ही मित्र होतो.
वावाझोडू, म्हणजे वादळ, येणार असं मोबाइलवर आलं, म्हणून सकाळीच गेलो. केळींना बांबूचे टेकू द्यायचे होते. मजूर जमलेलेच होते, तेव्हा आधी त्यांच्यासमोर वादळ आणि मानव या विषयावर चार शब्द बोललो. लोक तल्लीन झाले. इतके, की वारा आला तेव्हा एकही टेकू लागला नव्हता. बळवंतरावांनी आपल्या केळी आदल्या दिवशीच बांधल्या होत्या. रसिकतेचा संपूर्ण अभाव.
माझ्या सगळ्या केळी त्यांच्या हद्दीत पडल्या. हे आक्रमण समजावं.

९ जून
मुख्य आघाडी. अंगणाभोवती छातीएवढी भिंत. आतून-बाहेरून सिमेंट. फाटकाच्या जागी खाचांत बसणाऱ्या जाड लाकडी फळ्या, जुन्या किल्ल्यांच्या अभ्यासातून सुचलेल्या. भिंतीला मुद्दाम असा कोन दिला आहे की गल्लीतलं पाणी वळून बळवंतरावांच्या ओट्याकडे जाईल.
बळवंतराव पाहायला आले. म्हणाले, दामोदरराव, पाण्यासाठी बांधताय की माझ्यासाठी? मी हसलो नाही. भाषणात एक परिच्छेद वाढवला.

१२ जुलै
मंदाकिनी म्हणते, अहो, मागच्या वर्षी पाणी फाटकातून नंतर आलं, आधी मोरीतून आलं. गटार भरलं की मोरीतून उलटं येतं, सगळं बडोदं जाणतं. तिने रेतीने भरलेल्या चार पिशव्या मोरीच्या जाळीवर आणि संडासात ठेवायला तयार केल्या आहेत.
मी तिला समजावलं. शत्रू समोरून येतो. जो मोरीतून येतो, तो माझ्या लायकीचा नाही.
ती म्हणाली, पाण्याला तुमची लायकी विचारायची सवय नाही.

२ ऑगस्ट
शुभंकर सुट्टीवर आला होता. जाण्याआधी त्याने त्यांच्या गॅसची शेगडी आणि बाटला त्यांच्याच वरच्या मजल्यावर नेऊन दिला. घाबरलेत!

२४ ऑगस्ट
दोन दिवस संततधार. आजवा धरणाचं पाणी वाढतं आहे. नदीकाठच्या रस्त्यावर मगर दिसली, म्हणजे सगळं वेळेवर चाललं आहे. फळ्या खाचांत ठोकून बसवल्या. भिंतीचा एक कोपरा थोडा बुटका वाटला, म्हणून मंदाकिनीच्या चारही पिशव्या तिथे वर रचल्या. बुरुजासारखं दिसतं.
मंदाकिनीने कागदपत्रं, लोणची आणि देव घेतले आणि फळ्या बसण्याआधीच संयोगितावहिनींकडे वर गेली. म्हणाली, अहो, चला. तुम्ही नाही आहात हे भिंतीला कळणार नाही.
मी म्हणालो, सेनापती गड सोडत नाही.
मग सेनापतींनी दूध तापवून ठेवा, म्हणाली. फ्रिज बंद पडेल.

२५ ऑगस्ट, सकाळी
विजय! गल्लीत कमरेएवढं पाणी, बळवंतरावांच्या ओट्यावर पाणी, माझं अंगण कोरडं. आलं घालून चहा केला. भरपूर केला. वास जावा म्हणून खिडकी उघडी ठेवली. इस्त्रीचा एकच शर्ट होता, तोच घातला. भाषण तोंडपाठ.

दुपारी
कोणी आलं नाही. चहा मीच प्यालो. बळवंतरावांच्या वरच्या मजल्यावरून फोडणीचा वास येतो आहे. मंदाकिनीचं हसणंही ऐकू येतं.
मोरीत गुडगुड असा आवाज. उंदीर असावा.

संध्याकाळी
उंदीर नाही.

२६ ऑगस्ट
डायनिंग टेबलावर बसून लिहितो आहे. भिंतीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ती एक थेंब आत येऊ देत नाही. बाहेरही जाऊ देत नाही. गल्लीतलं पाणी उतरलं. लोक वायपर मारत आहेत. माझ्या घरात आणि अंगणात मांडीएवढं पाणी, आणि ते गटाराचं आहे. गटार तुंबलेलं, म्हणून मोरीतून परतही जात नाही. गॅस गेला. फळ्या फुगल्या, हलत नाहीत.
बळवंतराव खिडकीतून ओरडले, दामोदरराव, सुरसागर तलाव इकडे आणलात की काय? बोटिंगचं तिकीट किती?
मी टेबलावर उभं राहून भाषण एकदा म्हटलं. फार चांगलं झालं आहे.

२७ ऑगस्ट
शेवटचं बिस्किट काल संपलं. सकाळी भिंतीवर शिडीचं टोक दिसलं, मग बळवंतरावांचं डोकं. शुभंकर नोकरीवर परत गेलेला, म्हणून स्वतः आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. घाण पाण्यात उतरून टेबलापर्यंत आले आणि म्हणाले, चला.
मी म्हणालो, मी विचार करतो.
ते म्हणाले, विचार वर करा.
भिंतीवर चढलो आणि पिशव्यांच्या बुरुजावर अडकलो. पलीकडे उतरताना माझा पाय बळवंतरावांच्या खांद्यावर होता. शत्रूच्या खांद्यावर पाय दिला, याची नोंद असावी. त्यांनी घोटा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. म्हणत होते, सावकाश, सावकाश.
वर गेल्यावर त्यांनी मला आपला कोरडा पायजमा दिला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, या, बसा. चहा घ्या.
माझंच वाक्य. वर्षभर पाठ केलेलं, शब्दन् शब्द. पुढचं, माफीचं वाक्य येईल म्हणून मी थांबलो. ते आलंच नाही. साखर आली.

२८ ऑगस्ट
माझं पाणी बाहेर सोडायला बळवंतरावांनी घणाने भिंत फोडली. मी पायजम्याची नाडी धरून शेजारी उभा होतो. आत एवढं सिमेंट का घातलंत, असं त्यांनी चारदा विचारलं.
व्हिडिओ कोणीच काढला नाही. ग्रुप दोनदा उघडून पाहिला. पुण्याचा मेहुणाही गप्प. लोकांना माझं नवल वाटेनासं झालं असेल.
मंदाकिनी म्हणते, भाषण एवढं पाठ आहे तर म्हणून टाका, ते ऐकतील. ती थट्टा करते आहे की नाही, कळलं नाही.
सूड रद्द नाही. लांबणीवर. आधी त्यांचा पायजमा धुऊन परत द्यायला हवा, आणि माझ्याकडे दुसरा कोरडा पायजमा नाही.