अंगठ्याचा पंप

बुधवार, संध्याकाळ

पिकअपचा नवा डिझेल पंप आजही घेतला नाई. मासोळीची पिल्लं न्यायला मागं बसवलेल्या टाकीची हवेची मोटर बॅटरीवरच चालते. पंपही बॅटरीवरचा घेतला अन् भामरागडच्या रस्त्यात बॅटरी बसली, तर गाडीही गेली, पिल्लंही गेली. तरी मी मिस्त्रीपाशी बॅटरीवरचाच मागून राह्यलो होतो. काऊन? जुन्यासारखा घेतला तर वाटेत डिझेल उतरलं का बटण अंगठ्यानं दाबून चढवावं लागते, अन् माझा अंगठा आता दुखते. मिस्त्रीले हे सांगितलं नाई. लाज वाटली.

घरी बायकोले सांगितलं. तिनं बोनेट उघडायला लावलं. "कुठी दाबाचं, दाखवा." जुना पंप गळते, तरी डिझेल चढून बटण कडक होईपर्यंत दाबत राहिली. अंगठा पदराला पुसत म्हणाली, "असाच आणा. तुमचा दुखला का मी दाबीन."

म्हणजे भामरागडले ती सोबत येणार! मी कधी विचारलंच नव्हतं.