पुडी आणि गोल चेहरा

तीर्थरूप अण्णांना लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे, शिवणखात्यात काम भरपूर आहे. तुमच्या दोघांचा फोटो मिळाला. शेजारीण म्हणाली, "वडिलांनी बाळसं धरलंय की!" मला मात्र हसू आलं नाही. दम्यासाठी डॉक्टरांनी स्टेरॉईड दिलं, तेव्हा माझेही गाल असेच फुगले होते.

तुम्ही लिहिलंत त्या पुडीवाल्या वैदूच्या झाडपाल्यानं तुमची इतकी जुनी गुडघेदुखी लगेच बरी होते, हे माझ्या पचनी पडत नाही. त्यात काय कालवतो, विचारलंत कधी? पुडी मनानं एकदम बंद करू नका, तेही घातक असतं; आधी पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

आणि अण्णा, फोटोत आईचाही चेहरा गोल दिसतोय. तिचं काय दुखत होतं, जे मला कुणी कळवलं नाही?

वाट बघणारी,
तुमची धाकटी