मेहुण्याच्या पायाची मलमपट्टी थांबवणेबाबत

प्रति,
मा. वनाधिकारीसाहेब,
फुलपाखरू उद्यान कार्यालय

विषय : माझ्या मेहुण्याच्या पायाची मलमपट्टी फुलपाखरांचा मोसम संपेपर्यंत बंद ठेवणेबाबत.

संदर्भ : मचाणाच्या शिडीतून वर आलेला खिळा ठोकून मिळणेबाबत माझे यापूर्वीचे तीन अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

मी पाहुण्यांना 'रानराजा' फुलपाखरू दाखवण्याच्या कामावर आहे. हे जांभळ्या पंखांचे जनावर फुलाकडे ढुंकूनही पाहत नाही, हे आपणास विदित आहेच. सर्वांत उंच झाडाचा शेंडा धरून बसते, जवळ येईल त्या पाखराच्या अंगावर धावते (एका ससाण्याला त्याने असे पळवले की तो अजून या बाजूला फिरकलेला नाही) आणि खाली उतरते ते फक्त नासक्या-कुजक्या वासाला. म्हणून मी झाडाखाली नासलेली मासळी ठेवत असे. पाहुण्यांनी नाके मुरडली, आपण मासळी बंद केली, राजा वरच राहिला. मग या मोसमात फुलपाखरू न दिसल्यास माझी जागा रद्द होईल, असे आपले पत्र आले.

त्याच आठवड्यात, राजा दिसतो का ते पाहायला मी मचाणावर चढवलेल्या मेहुण्याच्या पोटरीत संदर्भातील खिळा घुसला. जखम चिघळली. तो झाडाखाली पाय पसरून कण्हत असता राजा शेंड्यावरून थेट खाली आला आणि जखमेत सोंड खुपसून अर्धी दुपार पीत बसला. तेव्हापासून पाहुण्यांची रांग आहे. बायका म्हणतात, "अगंबाई, काय देखणं आहे." पायाकडे कोणी बघत नाही. मेहुणा म्हणतो, "भाऊजी, फार ठणकतंय हो." मी म्हणतो, "हलू नकोस, उडेल."

परंतु माझ्या पत्नीने भावाच्या मायेपोटी दवाखान्यातला कंपाउंडर गाठला. मलमाच्या वासाने राजा एक घिरटी घालून परत वर जातो. मी पट्टी सोडतो, कंपाउंडर पुन्हा बांधतो. पत्नी विचारते, "माणूस आहात की माशी?" सदर प्रश्न विचाराधीन आहे.

तरी कंपाउंडरला आपल्या सहीने सक्त मनाई व्हावी, ही विनंती.

आपला नम्र आणि आपल्याच पत्राने घाबरलेला,
रानराजाचा राखणदार
दिनांक : मोसमाचा दुसरा आठवडा

सोबत : सोडलेली पट्टी, एक.

ता. क. : अर्ज लिहून होतो तोच डॉक्टरांचा निरोप आला. उशीर झाला आहे, पाय गुडघ्यापासून काढावा लागेल. सबब वरील विनंती रद्द समजावी. त्याऐवजी खिळ्याबाबतचे तिन्ही अर्ज मी मागे घेत आहे. खिळा आहे तसाच राहू द्यावा. मेहुण्याचा दुसरा पाय उत्तम आहे, आणि तो माझा शब्द कधी खाली पडू देत नाही.