तोडलेली मोहफुलं

कुरखेडा, रविवार संध्याकाळ

त्रैमासिकाचा अंक आला. कवितासंग्रहावरचं माझं परीक्षण छापलंय, पण मोहफुलांचा परिच्छेद गायब. पुण्याच्या त्या कवीनं जंगलावर अख्खा संग्रह काढला आणि त्यात बाई फांदी वाकवून मोहफुलं तोडते. मोह कोणी तोडते का? पहाटे आपोआप गळतो, बायका खाली पडलेला वेचतात. एवढंच लिहिलं होतं मी, तेही गोड शब्दांत.

संपादकांना फोन लावला. म्हणाले, "भाऊ, जागा कमी पडली. आणि कवी आपले आजीव सभासद आहेत, समजून घ्या." जागा कमी, मग माझ्या परीक्षणात 'या कवितेला मातीचा अस्सल गंध आहे' हे वाक्य कुठून आलं? मी ते लिहिलेलंच नाही. मोहफुलं तोडणाऱ्याला आता मीच अस्सल म्हणून राह्यलो.

बायकोनं अंक चाळला. "तुमचं लिहिलेलं काढलं, मंग नाव काऊन ठेवलं?"

मी अंक परत हातात घेतला. नावाखाली ठळक अक्षरांत छापलंय, 'कुरखेडा, जि. गडचिरोली'. बाकी कोणाच्या नावाखाली गाव नाही. परीक्षण त्यांना नकोच होतं. मान डोलावणारा जंगलातला एक माणूस हवा होता.