कोरं कपाळ

माय, आज पहिल्या वर्षाच्या पोरांना मशीन लर्निंग म्हणजे काय ते शिकवत होते आणि बोलता बोलता तोंडी तूच आलीस. शेजारच्या दावणीला एक काळी गाय असायची. मी तिला म्हैस म्हणायची, कारण आपली म्हैस काळी होती. माझ्या हिशेबानं काळं ते सगळं म्हैस. तू भाकरी थापता थापता हसतेस, पिठाच्या हातानं माझी मान तिकडं वळवतेस. "रंगावर जाऊ नगं येडे, शिंगं बघ की." त्यानंतर मी चुकले नाही. पोरांना म्हटलं, यंत्रही असंच शिकतं. त्याला ढिगानं चित्रं दाखवायची, ही गाय, ही म्हैस, आणि चुकलं की सांगायचं. जे भरपूर बघितलं ते त्याला ओळखू येतं. जे फारसं बघितलंच नाही, तिथं ते आपल्या मनानं काहीतरी ठोकून देतं. एवढं सांगितलं आणि मी खडू खाली ठेवला. पोरांना वाटलं, तास संपला.

तुझा एकच फोटो राहिलाय. सास्तूरचं घर भूकंपात तुझ्यासकट गेलं. अण्णा अंगणात झोपले होते म्हणून बाप तेवढा राहिला, मी जळकोटला मामांकडं होते म्हणून वाचले, आणि फोटोही मामांच्याच पेटीत होता. पार विटलेला, पाणी लागून डाग पडलेले. मामा आता थकलेत, नजर अधू झालीय. मध्यंतरी म्हणाले, "बहिणीचं तोंड एकदा नीट बघायचंय गं. एवढं शिकलीस, तुझं ते यंत्र मग काय कामाचं?" म्हणून मी फोटो कॉम्प्युटरला दिला आणि साफ कर म्हटलं. बघता बघता झाला. डाग गेले, डोळे लख्ख, ओठांवर हसू. मी तर हरखूनच गेले. मोठा करून घेतला, फ्रेम केली आणि जळकोट गाठलं.

मामांनी फ्रेम दाराच्या उजेडात नेली, डोळ्यांना लावून बघितली. काचेवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "कपाळ कोरं का गं? माझी बहीण सवाष्ण गेली."

तेव्हा कुठं मला दिसलं. पाण्याच्या डागांबरोबर यंत्रानं तुझं कुंकू पुसलं होतं, कुंकवाखालचं गोंदण पुसलं होतं, हनुवटीवरचे ठिपकेही. त्याच्या लेखी सगळे डागच. गोंदलेल्या बायका त्याला दाखवल्यात कुणी? पण मला तर दाखवल्या होत्या. तू म्हणायचीस, दागदागिने इथंच राहतात, गोंदलेलं तेवढं माणसाच्या संगं जातं. तुझं तेवढंही मी काढून घेतलं, आणि वर फ्रेम करून मिरवत नेलं. यंत्रावर कशाला रागवायचं, मला माझाच राग आला. घरी येऊन त्याला म्हटलं, होतं तसं परत कर. त्यानं भुवयांच्या मधोमध दुकानातली गोल टिकली लावून दिली. गोंदण नेमकं कसं होतं ते सांगावं, तर मला आठवेना. मामांना फोन केला. ते म्हणाले, "आपल्या बायकांचं असतंय तसंच की." पुढं त्यांनाही सांगता येईना, आणि ते रडायला लागले.

जुन्या फोटोत तिथं नुसता काळपट धब्बा आहे. भिंग लावून बघितलं, तरी कुंकू कुठलं आणि गोंदण कुठलं ते कळत नाही. फ्रेम टाकवत नाही म्हणून कपाटात पालथी ठेवलीय.

हे कुठं धाडायचं नाहीच, म्हणून सांगते. आता डोळे मिटून तुला आठवायला गेलं की तीच बाई येते, कोऱ्या कपाळाची, हसरी. तू येत नाहीस. आणि माय, ती आली तरी मी डोळे उघडत नाही.