अठरा खुंट्यांचं जहाज

३ एप्रिल

चि. भावोजींस अनेक आशीर्वाद.

पत्र नात लिहिते आहे. शब्द माझे, शुद्धलेखन तिचं. उन्हाळी उत्सवाच्या चाळीस वर्षांचा तुम्ही लिहिलेला इतिहास, छापायच्या आधी वाचायला पाठवलात. मला! आंधळ्यापुढे आरसा. नातीने वाचून दाखवला. समुद्रराणीच्या मुकुटाला पाऊण पान, पाहुण्यांच्या भाषणांना चार, आणि मिरवणुकीतलं राणीचं जहाज म्हणे ‘समितीच्या अध्यक्षांनी साकारलं’. अध्यक्ष म्हणजे तुम्ही. अहो, तुम्हाला पेन्सिलीला टोक काढता येत नाही! जहाज तुमच्या थोरल्या भावाने, म्हणजे ह्यांनी, अकरा दिवस रंधा मारून उभं केलं. ह्यांचं नाव घाला. हे जाऊन सहा वर्षं झाली, आता स्वतः भांडायला येणार नाहीत, म्हणून मी.

गुडघा बरा आहे. विचारलं नाहीत, तरी सांगते. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नये.

थोरली वहिनी (अंगठा)

९ एप्रिल

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

इतिहास कागदपत्रांवर लिहितात, चुलीपुढच्या आठवणींवर नाही. समितीच्या पहिल्या ठरावात दादांचं नाव नाही. ते हौसेने मदतीला येत, एवढंच. लेखी पुरावा असल्यास पाठवावा. आपल्याला अक्षरओळख नाही, तेव्हा या विषयात न पडणं बरं. जहाज जोडून द्यायला मात्र दरवर्षीप्रमाणे यावं.

कळावे, लोभ असावा.

१४ एप्रिल

चि. भावोजींस आशीर्वाद.

ठराव लिहिला कोणी? तुम्हीच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! आणि हौस म्हणता? ह्यांच्या डाव्या हाताचं बोट त्या जहाजापायी करवतीखाली गेलं, ती हौस?

माझा पुरावा डब्यात आहे. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं, म्हणून ह्यांनी एकही खिळा मारला नाही. अठरा लाकडी खुंट्या केल्या, प्रत्येकीचं भोक वेगळं. कुठली कुठे बसते ते माझ्या बोटांना ठाऊक. यंदा बोटंही येणार नाहीत, डबाही नाही.

नात म्हणते, आजी, जरा गोड लिहू. मी म्हटलं, तुझ्या लग्नात लिहू.

वहिनी (अंगठा)

२६ एप्रिल

वहिनींस,

उत्सव चार दिवसांवर आला आणि आपल्या हट्टापायी जहाज किनाऱ्यावर फळ्यांचा ढीग होऊन पडलं आहे. दुसरा सुतार आणला. त्याने खिळे ठोकताच एक फळी उभी चिरली. सबंध समितीपुढे तो मला म्हणाला, साहेब, हे ज्याने बांधलं त्यालाच बोलवा. माझी शोभा झाली.

दादांचं नाव पान बारावर घालतो. डबा घेऊन यावं.

२७ एप्रिल

चि. भावोजींस आशीर्वाद, सवयीने.

पान बारावर तुम्ही कोंबड्यांची औषधं छापलीत तरी मी मान डोलावणार. मला काय कळतंय! म्हणून आधी किनाऱ्यावर, कर्ण्यावरून, सगळ्या गावासमोर बोला. मी पुढेच बसेन, डबा मांडीवर घेऊन. एका खऱ्या वाक्याला एक खुंटी. जहाज दादाने बांधलं, ही पहिली. मी फक्त दोर धरला, ही दुसरी. बोट तुटलं तेव्हा मी पळालो, ही तिसरी. उरलेली पंधरा तुम्हाला पाठ आहेतच. एक जरी खोटं निघालं, तर तेवढं भोक रिकामं राहील आणि राणी तुमच्याच डोक्यावर येईल.

बाकी लोभाचं शेवटच्या खुंटीनंतर बघू. मोठ्याने बोला, पण ओरडू नका. मला वाचता येत नाही. ऐकू मात्र लख्ख येतं.

वहिनी (अंगठा)