चौथ्या भागातला माझा मोठा सीन

३ मार्च
प्रॉडक्शनमधून फोन. गुप्तहेरांच्या सिनेमाचा चौथा भाग येतोय, त्यात माझा "मोठा सीन" आहे म्हणे. असणारच! तीन भाग त्या बॉसची सेक्रेटरी म्हणून फायली वाहिल्या. आता फितूर मीच निघणार. दुसरं कोण आहे त्या लायकीचं?

४ मार्च
नाटक सोडलं. दिग्दर्शक म्हणाला, ताई, तारखा जुळवू, मुख्य भूमिका आहे तुमची. मी म्हटलं, बसा जुळवत. आता माझं काम ती, मी आजारी पडले तर म्हणून ठेवलेली, बदली नटी करणार. गोगलगाय मेली! चार प्रयोगांत थिएटर ओस पडेल.
नवरा विचारतो, स्क्रिप्ट वाचलीस का? याला काय कळतंय.

११ मार्च
संकल्प : आज शूटिंगला कोणाशीही भांडायचं नाही.
(मेकअपवाला सोडून. त्याने मला म्हातारी केली.)
दारातून आत आले आणि टाळ्यांसाठी थांबले. बावीस वर्षांची सवय. सिनेमाचा दिग्दर्शक ओरडला, बाई, थांबता कशाला? म्हटलं, एंट्री घेतेय. सगळे दात काढायला लागले. नतद्रष्ट! साउंडवाला कानावरचं काढून म्हणाला, जरा हळू बोला. जळतो.
सात टेक. दर वेळी कप वेगळ्या हातात धरला, तर कंटिन्युटीवाली बोंबलत आली. अभिनय म्हणजे काय झेरॉक्स आहे?

१८ मार्च
फक्त माझं फोटोसेशन! दीड तास. फोटोग्राफर म्हणत होता, मॅडम, शांत, प्रेमळ हसा. मी जळजळीत बघितलं. पोस्टर माझंच, यात शंका नाही.

२६ मार्च, सकाळी १०
सेटवर बॉसच्या केबिनमध्ये भिंतीवर माझा फोटो. खाली जन्माची तारीख. शेजारी दुसरी तारीख.
हिरो फोटोकडे बघून रडणार. हाच मोठा सीन. मी कुठे उभी राहू, विचारलं. दिग्दर्शक म्हणाला, तुमची गरज नाही, पण सीन पूर्ण तुमचाच! अकरा तारखेचं ते हिरोचं स्वप्न होतं. आवाज काढून टाकलाय.
मेले कशी? आजारपणात! दोन भागांच्या मधे! एक गोळीसुद्धा खर्च केली नाही मेल्यांनी.
मेकअपरूममध्ये बसून खूप रडले. मेकअपवाल्याने पाणी आणून दिलं. आगाऊ!

२ एप्रिल
मोठं मन करून नाटकाच्या दिग्दर्शकाकडे गेले. म्हटलं, येते परत. त्याने आदराने चहा दिला. म्हणाला, ताई, ती छान करतेय, पुढचे नऊ प्रयोग फुल आहेत. एकच जागा रिकामी आहे. तिची बदली नटी.
तोंडावर "शक्य नाही" म्हणून बाहेर पडले. जिन्यातून परत वर गेले. किती वाजता यायचं ते विचारायचं राहिलं होतं.

५ एप्रिल
विंगेत खुर्ची दिलीय. एक पाय डुगडुगतो. सगळे संवाद पाठ आहेत.
पडदा उघडायच्या आधी गोगलगाईला विचारलं, बरं वाटतंय ना गं? कपाळालाही हात लावून बघितला.
ठणठणीत आहे.